भावनगरचे तीन दिवस: भरती-ओहोटी पाहून आखलेले

प्रश्न थोडक्यात असा आहे: "नाशिकहून बदली होऊन आम्ही नुकतेच बडोद्याला आलो. डिसेंबरच्या शेवटी सासू-सासरे राहायला येत आहेत. मुलं दोन, एक नऊ वर्षांचा आणि एक पाचाची. तीन दिवस भावनगरला जायचा विचार आहे. समुद्रातलं महादेवाचं देऊळ सासूबाईंना बघायचंच आहे, पण त्यांचे गुडघे दुखतात. नेटवर पंचवीस ठिकाणांची यादी सापडली. त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं? मुलांना समुद्रात खेळता येईल का?"

मी गेली बावीस वर्षं बडोद्याहून लहान लहान सहली नेते. दांडिया बाजार, रावपुरा भागातली मराठी कुटुंबं, त्यांच्याकडे आलेली पाहुणे मंडळी, असे दहा-पंधरा जण असतात. भावनगरला किती वेळा गेले ते आता मोजत नाही. त्या अनुभवावरून सांगते, तुमची अडचण पंचवीस ठिकाणांपैकी कोणती निवडायची ही नाहीच. आपण मराठी माणसं समुद्र म्हटलं की कोकणातला समुद्र डोळ्यांपुढे आणतो. गणपतीपुळ्याला सकाळी जा, संध्याकाळी जा, समुद्र तिथे असतोच. भावनगरला तसं नाही. सकाळी पायाशी आलेलं पाणी दुपारी नजरेच्या टप्प्याबाहेर गेलेलं असतं. त्यामुळे आधी समुद्राची वेळ ठरते आणि बाकीची ठिकाणं तिच्याभोवती बसवावी लागतात. यादी समोर ठेवून क्रमाने निघालात तर जे बघायला चाललात तेच हुकेल.

मुलांच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे त्यांची समजूत घालायला वेळ मिळेल. पोहणं, लाटांत खेळणं नाही. खंभातच्या आखातात मही, साबरमती, नर्मदा, तापी अशा मोठ्या नद्या गाळ आणून टाकतात. आपली विश्वामित्रीसुद्धा पुढे ढाढरला मिळून तिकडेच जाते. पाणी कायम चहासारखं गढूळ. किनाऱ्यावर वाळू थोडी आणि चिखल फार. पाणी वर चढतं ते इतक्या वेगाने की मोठ्या माणसाचाही अंदाज चुकतो. माझ्या सहलीत घोट्याच्या वर पाणी आलं की सगळ्यांनी मागे फिरायचं असा नियम आहे आणि मी त्याला कुणासाठीही अपवाद करत नाही. मात्र ओहोटीच्या वेळी त्या चिखलात जे दिसतं ते मुलांना कोकणात सहज दिसणार नाही. निवट्या पाण्याबाहेर येऊन कल्ल्यांच्या पंखांवर सरपटतात, उड्या मारतात. इथले लोक त्यांना लेवटा म्हणतात. शिवाय एक पंजा मोठा असलेले लहान खेकडे. कुडा किंवा हाथबच्या किनाऱ्यावर अर्धा तास नुसतं उभं राहून बघायला सांगा. माझ्याबरोबर आलेली मुलं परतल्यावर देवळांपेक्षा निवट्यांचंच जास्त बोलतात.

आता मुख्य गोष्ट. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आहे. तोंडाशी रुंद, आत जावं तसं अरुंद आणि उथळ. समुद्राची भरती आत शिरते तेव्हा तेवढंच पाणी कमी जागेत कोंबलं जातं आणि त्याची उंची वाढत जाते. मुंबईला मोठ्या उधाणाला पाण्याच्या पातळीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. भावनगरला तोच फरक दहा मीटरच्या आसपास जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. म्हणूनच भावनगरच्या जुन्या बंदरात लॉकगेट बांधावं लागलं. दरवाजे बंद करून आत पाणी अडवून ठेवलं नाही, तर ओहोटीला जहाजं चिखलात बसतील. जहाजं तोडण्यासाठी अलंगचा किनारा निवडला गेला तोही याच कारणाने. उधाणाच्या भरतीवर जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचं, पाणी उतरलं की ते कोरड्यात उभं राहतं. 1983 पासून तिथे हे काम चालू आहे.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी, आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी नऊला पूर्ण ओहोटी असेल तर चार दिवसांनी ती सव्वाबाराच्या सुमारास येईल. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच दूर ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे चढ-उतार कमी. कोकणातल्या लोकांना हे सांगावं लागत नाही. नाशिक-पुण्याच्या लोकांना सांगावं लागतं.

तुमच्या सासूबाईंना पाहायचं आहे ते निष्कलंक महादेवाचं स्थान भावनगरपासून पंचवीस किलोमीटरच्या आत, कोळियाक गावच्या समुद्रात आहे. किनाऱ्यापासून सव्वा-दीड किलोमीटर आत एक चौथरा आहे. त्यावर उघड्यावर पाच शिवलिंगं, प्रत्येकासमोर नंदी. कळस नाही, छप्पर नाही. भरतीला सगळं पाण्याखाली जातं आणि फक्त ध्वजाचा खांब दिसत राहतो. कथा पांडवांची आहे. युद्धात भाऊबंद मारल्याचं पाप धुवायला निघालेल्या पांडवांना कृष्णाने काळा ध्वज आणि काळी गाय दिली. ही दोन्ही ज्या जागी पांढरी होतील तिथे तुम्ही निष्कलंक व्हाल, असं सांगितलं. ती जागा ही. पाच भावांना दिसली म्हणून पाच लिंगं. इथली मोठी जत्रा श्रावण अमावस्येला भरते. गुजराती लोक तिला भादरवी अमास म्हणतात, आपल्याकडे तोच पोळ्याचा, पिठोरीचा दिवस. त्या दिवशी ध्वज बदलतात, आणि पहिला मान भावनगरच्या राजघराण्याचा असतो. तो ध्वज वर्षभर वारा आणि लाटा सोसत उभा असतो.

इथे मी एकदा मोठी चूक केली आहे. ती सांगते, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. माझे आजोबा रत्नागिरीचे. त्यांनी लहानपणी शिकवलं होतं की तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कोकणात हा हिशोब चोख चालतो. मी तोच भावनगरला लावला. त्या दिवशी एकादशी होती. म्हणजे भरती सव्वाआठला आणि ओहोटी अडीचच्या आसपास. दोन वाजता चौदा माणसं घेऊन कोळियाकला पोचले, तर समोर पाणीच पाणी. भरतीची लाट आखाताच्या तोंडातून आत पोचायला काही तास घेते, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. त्यात भांग नुकताच संपलेला, त्यामुळे पाणी रेंगाळत उतरत होतं. आमच्यात ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या, एकादशीचा उपास करून आलेल्या. चार तास त्या किनाऱ्यावर सतरंजी टाकून बसल्या. वाट उघडली तेव्हा हिवाळ्यातला सूर्य बुडाला होता. निम्म्या वाटेपर्यंत त्यांना धरून नेलं, पण खाली शेवाळाचे दगड आणि वर अंधार. मला मागे फिरावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा नेईन असं त्यांना सांगितलं होतं. तेवढ्यात त्या गेल्या. तेव्हापासून मी भावनगर बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघितल्याशिवाय आणि आदल्या रात्री कोळियाकच्या नारळवाल्याला फोन करून विचारल्याशिवाय गाडी काढत नाही. मुंबईचं कोष्टक बघू नका आणि पाऊणपटही करू नका. गावातल्या माणसाला "ओट किती वाजता" एवढं विचारलंत तरी तो बरोबर सांगतो.

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. तुमच्या आठवड्यात अमावस्या किंवा पौर्णिमा येत असेल तर तिच्या जवळचा दिवस कोळियाकसाठी धरा. माझ्या अनुभवात त्या दिवसांत ओहोटी सकाळी मिळते, उन्हाआधी जाऊन येता येतं, आणि पाणी दूर ओसरल्यामुळे वाट जास्त वेळ उघडी राहते. तुमचा आठवडा अष्टमीच्या बाजूला पडत असेल तर मी तारीखच बदलायला सांगेन. ती बदलणं शक्य नसेल तर निदान पूर्ण ओहोटी दिवसाउजेडी येते ना, हे बघा. पाणी अजून उतरत असतानाच, पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा. म्हणजे परततानाही पाणी उतरतं किंवा स्थिर असतं. पुजारी आणि गावकरी परत फिरू लागले की आपणही फिरायचं. फोटोसाठी थांबायचं नाही.

सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय, हे त्यांच्यावर अवलंबून आहे. वाट चिखलाची आणि दगडांची आहे. चप्पल चिखलात रुतते, आणि अनवाणी चालावं तर शिंपल्यांच्या कडा लागतात. मागे पट्टा असलेले रबरी सँडल आणि हातात काठी हे मला सगळ्यात बरं वाटतं. सपाट रस्त्यावर त्या सलग अर्धा तास चालत असतील तर जमेल, थांबत थांबत. तेवढं होत नसेल तर त्यांना किनाऱ्यावरूनच नमस्कार करू द्या. किंवा दुसरा पर्याय आहे, जो बडोद्याच्या फार थोड्या मराठी लोकांना ठाऊक असतो. आखाताच्या आपल्याच बाजूला, जंबुसर तालुक्यात कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेव आहे. बडोद्याहून पाऊणशे किलोमीटर. महीच्या मुखाजवळचं हे देऊळही भरतीत बुडतं, पण ते काठाला लागून आहे. चालणं जवळजवळ नाही. काठावर बसून पिंडीवर पाणी चढताना बघता येतं. एका दिवसात जाऊन येणं होतं. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना मी आता आधी तिथे नेते. समुद्र स्वतः अभिषेक करतो हे दृश्य कोळियाकपेक्षा कंबोईलाच जवळून दिसतं, आणि माझ्या मते तुमच्या सासूबाईंना नेमकं तेच हवं आहे. एकदा विचारून बघा.

कोळियाकच्या वाटेवरचं हाथब पाच मिनिटं तरी थांबण्यासारखं आहे. आज साधं गाव आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ज्या 'अस्तकप्र' बंदराचा उल्लेख येतो ते हेच, असं अभ्यासक मानतात. ताम्रपटांत त्याचं नाव हस्तवप्र.

आता वेळावदर. पंचवीसच्या यादीत हे बहुतेक आठव्या-नवव्या क्रमांकावर असेल. मी ते कोळियाकच्या बरोबरीने धरते. भावनगरच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरच्या आत 34 चौरस किलोमीटरचं गवताळ रान आहे. 1976 साली ते काळविटांचं राष्ट्रीय उद्यान झालं. त्याआधी ही भावनगरच्या महाराजांची राखीव वीडी, म्हणजे गवताचं कुरण होती आणि तिथे पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार होई. आपल्या गायकवाडांकडेही हा शौक होताच. चित्ते देशातून नाहीसे झाले, गवत आणि काळवीट मात्र इथे टिकले. जंगल म्हणजे झाडी असं मुलांच्या मनात असतं. इथे क्षितिजापर्यंत सोनेरी गवत आणि त्यात शेकड्यांनी काळवीट. नर वरून काळेभोर, पोटाला पांढरे, पिळाची शिंगं. मादी फिकट बदामी. कळप बिचकला की एकेक मादी चारी पाय आखडून उंच उडी घेते, जणू तिला जमिनीने वर फेकलं. दुर्बीण लागत नाही, इतके ते जवळ असतात. नशीब असेल तर लांडगा किंवा तरस दिसतो. नीलगाय तर दिसतेच.

पण मी डिसेंबरात लोकांना वेळावदरला संध्याकाळी नेते ते भोवत्यांसाठी. भोवत्या हा शिकारी पक्षी, घारीपेक्षा सडपातळ, गवतावरून अगदी खालून तरंगत जाणारा. मध्य आशियातून हे पक्षी हिवाळ्यात इथे येतात. दिवसभर आसपासच्या कपाशीच्या शेतांत टोळ-नाकतोडे खातात आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी चहूकडून या गवतात मुक्कामाला उतरतात. झाडावर नाही, जमिनीवर, गवतातच. जगात भोवत्यांचे जे सर्वांत मोठे मुक्काम माहीत आहेत त्यांत हा आहे. आधी एक दिसतो, मग चार, मग मोजणं थांबतं. आवाज काही नाही. माझ्या एका सहलीतले निवृत्त शिक्षक त्या वेळी टोपी काढून उभे राहिले होते, तसं मी कुणाला सांगितलं नव्हतं.

उद्यान 16 जूनपासून 15 ऑक्टोबरपर्यंत बंद असतं, तुमच्या तारखांना अडचण नाही. प्रवेशाचा परवाना आणि वाटाड्या घ्यावाच लागतो. नाताळच्या सुट्टीत गर्दी असते म्हणून परवाना आधी काढून ठेवा. मुलांना गडद किंवा मातकट रंगाचे कपडे घाला आणि स्वेटर विसरू नका. सूर्य गेला की तिथला वारा अंगाला झोंबतो.

रस्ता असा आहे: बडोदा, वासद, बोरसद, तारापूर, वटामण, पिपळी, धोलेरा आणि मग भावनगर. अंतर 200 किलोमीटरच्या आसपास, मुलं असतील तर पाच तास धरा. वेळावदरचा फाटा याच रस्त्यावर, भावनगरच्या आधी लागतो. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी आठला निघायचं, जेवून अडीच-तीनला वेळावदर, सूर्यास्तानंतर भावनगरात मुक्काम. उलट केलंत, म्हणजे आधी भावनगर आणि मग वेळावदरला परत, तर तेच अंतर दोनदा कापावं लागतं. रेल्वे अहमदाबादकडून वळसा घेऊन जाते, ज्येष्ठ आणि लहान मुलं असताना मी ती सुचवत नाही. फेरीबोटीबद्दल सगळे विचारतात. घोघा ते दहेज ही बोट 2017 साली सुरू झाली तेव्हा आम्हा बडोदेकरांना फार आनंद झाला होता, पण तिथल्या गाळाने ती चालू दिली नाही. 2020 पासून बोट घोघा ते हजिरा अशी जाते. हजिरा सुरतेच्या पलीकडे. सुरतेहून येणाऱ्याचा मोठा वळसा वाचतो, आपल्याला मात्र ती उलट्या दिशेची पडते.

दुसरा दिवस कोळियाकचा. ओहोटी सकाळी असेल तर दुपारनंतर शहर, ओहोटी दुपारी असेल तर सकाळी शहर. शहर असंच तुकड्याने बघायचं आहे, त्यासाठी वेगळा दिवस नको.

भावनगर वसलं कसं हे बडोद्यात राहणाऱ्याने ऐकावंच. इथल्या गोहिल राजांची राजधानी आधी सिहोरला होती, समुद्रापासून आत. 1722-23 च्या सुमारास पिलाजीराव गायकवाड आणि कंठाजी कदम बांडे यांच्या फौजा सिहोरवर चालून आल्या. राजे भावसिंहजी गोहिलांनी तो हल्ला परतवला, पण राजधानीची जागा बदलायला हवी हे त्यांना कळलं. 1723 च्या अक्षय्य तृतीयेला वडवा गावाजवळ, समुद्राच्या बाजूला, त्यांनी नवं शहर वसवलं. म्हणजे बडोद्याच्या गादीचे मूळ पुरुष आणि भावनगरचा जन्म असे एकमेकांत गुंतलेले आहेत. भावनगरचे गाइड ही गोष्ट अभिमानाने सांगतात. आपण मराठी आहोत हे कळल्यावर थोडे अवघडतात, तेव्हा आपणच पुढे होऊन विचारावं.

तख्तेश्वरची टेकडी सासूबाईंना जमेल, पायऱ्या थोड्याच आहेत. 1893 साली महाराजा तख्तसिंहजींनी बांधलेलं पांढऱ्या संगमरवराचं देऊळ आहे आणि वरून सगळं शहर दिसतं, हवा स्वच्छ असेल तर आखाताची रेघही. याच टेकडीच्या परिसरात दक्षिणामूर्ती आहे. यादीत ते नसेल, माझ्या यादीत आहे. 1920 साली गिजुभाई बधेकांनी इथे बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही, मुलांच्या मनाप्रमाणे शिक्षण. मुलं त्यांना 'मूछाळी मा' म्हणत, मिशीवाली आई. आपल्या ताराबाई मोडक 1923 च्या सुमारास इथे आल्या, गिजुभाईंबरोबर काम करून हे सगळं शिकल्या आणि पुढे ते बोर्डी-कोसबाडला घेऊन गेल्या. आज महाराष्ट्रातल्या खेड्यात अंगणात बसून मूल गाणं म्हणत आकडे शिकतं, त्याचं एक मूळ भावनगरच्या या टेकडीवर आहे. संस्था चालू आहे, शाळेची वेळ असते, तेव्हा विचारल्याशिवाय आत शिरू नये. तुमची मुलं लहान आहेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

गांधी स्मृती आणि बार्टन संग्रहालय एकाच इमारतीत आहेत, तासभर पुरतो. गांधीजी 1888 साली इथल्या शामळदास कॉलेजात एक सत्र शिकले. विलायतेला जाण्याचा विचार त्यानंतरच पक्का झाला. सासरे इतिहासात रमणारे असतील तर त्यांना तिथे सोडा आणि तुम्ही मुलांना घेऊन व्हिक्टोरिया पार्कला जा. नाव पार्क असलं तरी ते शहराच्या आतलं पाचशे एकरांचं रान आहे, शेजारी गौरीशंकर तलाव. शहरातल्या बागांमधल्या मोठ्या झाडांवर पावसाळ्यानंतर चित्रबलाक घरटी करतात, पील गार्डनच्या बाजूला मी कितीदा पाहिली आहेत. खाली रिक्षांची वर्दळ आणि वर गुलाबी पिसांचा एवढा मोठा पक्षी पिलांना भरवतोय. निलमबाग राजवाड्यात आता हॉटेल आहे. परवडत असेल तर मुक्काम, नाहीतर संध्याकाळचा चहा.

खाण्याचं फार सांगत नाही. गाठिये सकाळी ताजे घ्या, पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्यांबरोबर. पाव-गाठिया ही भावनगरची स्वतःची चीज, आपल्या बडोद्याची सेव-उसळ असते तशी. पाच वर्षांच्या मुलीला ती तिखट लागेल.

तिसऱ्या दिवसावर मतभेद होतील. पालिताणा की परतीचा प्रवास? शत्रुंजय डोंगरावर आठशेहून जास्त जैन मंदिरं आहेत आणि जाण्यासारखी जागा आहेच. पण साडेतीन हजारांच्या पुढे पायऱ्या, वर खायला नाही, चामड्याची वस्तू चालत नाही आणि संध्याकाळच्या आत सगळ्यांनी खाली यायचं. डोली मिळते. तरी पहाटे निघून दुपार होतेच, आणि त्यानंतर बडोद्यापर्यंतचा रस्ता. तुमच्या कुटुंबासाठी मी पालिताणा सोडेन. चौथा दिवस मिळत असेल तरच घ्या, आणि पुन्हा कधी पावसाळ्यात जायचा बेत केलात तर चातुर्मासात वरची यात्रा बंद असते हे ध्यानात ठेवा. अलंगही सोडा. यार्डात आत जाऊ देत नाहीत. रस्त्याकडेला जहाजांतून काढलेल्या सामानाची दुकानं आहेत, त्यांना खाडा म्हणतात. घर सजवायचं असेल त्याने जावं. तळाजा, गोपनाथ, महुवा ही दक्षिणेची वाट सुंदर आहे, पण तो वेगळा प्रवास.

घोघ्याला मात्र तासभर काढा, शहरापासून जवळ आहे. 'लंकानी लाडी ने घोघानो वर' अशी गुजरातीत म्हण आहे. लंकेची नवरी आणि घोघ्याचा नवरा, इतकं हे बंदर एकेकाळी दूरवर नांदतं होतं. समोर समुद्रात पिरम बेट दिसतं. चौदाव्या शतकात मोखडाजी गोहिल तिथून राज्य करत आणि 1347 साली मुहम्मद तुघलकाशी लढताना पडले. शीर घोघ्याला पडलं तरी धड लढत पुढे गेलं, असं इथले लोक सांगतात. मुरारबाजीची कथा ऐकून वाढलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते.

परतताना वटामणजवळून लोथलला वळा, फार आडवाट होत नाही. शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, तेवढं सांभाळा. 1955 ते 1960 या काळात एस. आर. राव यांनी उत्खनन करून सव्वाचार हजार वर्षांपूर्वीचं हडप्पा काळातलं गाव उघडं केलं. पूर्वेला विटांचा प्रचंड हौद आहे, सुमारे 215 मीटर लांब. ही जहाजांची गोदी होती असं रावांचं मत, काही अभ्यासक तो तलाव मानतात. दक्षिणेच्या भिंतीत पाणी अडवायला-सोडायला केलेली वाट आहे. मुलाला तिथे उभं करून आदल्या दिवशी सांगितलेल्या लॉकगेटची आठवण द्या. तेच आखात, तीच भरती, आणि पाणी ओसरलं तरी नाव तरंगती राहावी म्हणून केलेली तीच धडपड. आता समुद्र तिथून कितीतरी मागे हटला आहे. माझ्या सहलीतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे दोन मिनिटांत कळतं, कारण त्यांनी कोळियाकला पाणी जाताना स्वतः पाहिलेलं असतं.

तुमची तारीख पक्की झाली की त्या दिवसाची तिथी इथे लिहा. कोळियाकला सकाळी जायचं की दुपारी, हे बंदराचं कोष्टक बघून मी सांगेन. सासूबाईंसाठी काठी बडोद्याहूनच घेऊन निघा, किनाऱ्यावर मिळेलच असं नाही.